मेपल स्ट्रीटवरची बाई

नाव: देओलिंदा रापोझु. वय: एकसष्ट. जन्मस्थान: साँव मिगेल बेट, आसोरेस. सध्याचा मुक्काम: मॅसॅच्युसेट्समधील गिरण्यांचे गाव (गिरण्या बंद). हुद्दा: प्रश्न-संकलक, मानद, कार्यक्रम ‘तब्येतीच्या गप्पा’, सामुदायिक दूरचित्रवाणी केंद्र. सेवाकाल: नऊ वर्षे, गैरहजेरी शून्य. कामाचे स्वरूप: प्रेक्षकांचे फोन घेणे, प्रश्न कार्डावर उतरवणे, नाव गाळून फक्त वय व गल्ली नमूद करणे, कार्ड निवेदकाकडे पोचवणे. आजवर हाताळलेले प्रश्न: चारशे अडुसष्ट.

केंद्राच्या वार्षिक अहवालात हे असंच छापलं आहे. त्यात एवढंच लिहायचं राहिलं की फोन येत नाहीत.

येणार तरी कसे? काचेच्या खोलीत फोनपाशी देओलिंदा बसते, हे चर्चला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. जिची रविवारी पायऱ्यांवर गाठ पडायची, तिलाच गुरुवारी फोन करून आपली मूळव्याध कोण सांगेल? पहिल्या भागात वीस मिनिटं फोन मुका राहिला. निवेदक सिन्योर झेफेरीनु, म्हणजे गावातले निवृत्त औषधविक्रेते, कॅमेऱ्यासमोर घामाने निथळू लागले. त्यांची दया येऊन देओलिंदाने एक कार्ड लिहिलं: ‘पुरुष, अठ्ठावन्न, झोपेत पोटरीत गोळे येतात.’ पोटरी तिच्या दिवंगत नवऱ्याची होती. तेव्हापासून दर गुरुवारी एक कार्ड. एकाच गल्लीला दोनदा संधिवात होऊ नये म्हणून तिने वही ठेवली होती. गल्ली निवडायची ती आपलं, म्हणजे बेटाकडचं, कुणी राहत नाही अशी.

मार्चमध्ये एका सकाळी तिला अंतर्वस्त्रावर रक्ताचा डाग दिसला. पाळी बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. चार दिवसांनी पुन्हा दिसला. बेटावर तिच्या आईलाही असंच झालं होतं. आईने ते कुणाला सांगितलं नाही, आणि वर्षाच्या आत आई नव्हती.

देओलिंदाने प्रथम सांतु क्रिश्तुला, बेटावरच्या नवसाला पावणाऱ्या येशूला, नवस केला. बरं वाटलं की दुखरा अवयव मेणाचा करून वाहायचा. चर्चजवळच्या दुकानात मेणाचे हात, पाय, डोळे, स्तन, सगळं होतं. हवा तो अवयव नव्हता. दुकानदाराला विचारणं शक्य नव्हतं, म्हणून ती एक मेणाचं डोकं बघितल्यासारखं करून परत आली.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे डॉक्टर बेतेंकूर. तेही आपल्यातलेच, आणि दर महिन्याला कार्यक्रमाचे पाहुणे. त्यांना ती कॉफी आणून देई. त्यांच्यासमोर तपासणीच्या टेबलावर झोपायची कल्पनाच तिला नकोशी होती. आणि झोपलं की ते काय सांगतील, ही भीती त्याहून मोठी.

तीन आठवड्यांनी तेच पाहुणे आले. विषय होता रक्तदाब. देओलिंदाने कार्ड घेतलं. वय खोटं हवं म्हणून चौसष्ट लिहिलं. गल्ली लिहिताना वही उघडलीच नाही, हात आपोआप लिहून गेला: मेपल स्ट्रीट. ‘पाळी जाऊन अकरा वर्षं. आता मधूनमधून डाग. काळजीचं काही आहे का?’

झेफेरीनुंनी ते खोकल्याच्या औषधाचं लेबल वाचावं तसं वाचलं. डॉक्टर बेतेंकूरांनी चष्मा काढला.

“रक्तदाब राहू द्या जरा,” ते म्हणाले. “बाई, तुम्ही ऐकताय ना? पुढच्या गुरुवारची वाट बघू नका. याच आठवड्यात जा, माझ्याकडे या असं नाही, कुणाकडेही जा. बहुतेक वेळा किरकोळच निघतं. पण किरकोळ नसलं तर एकेक दिवस मोलाचा. आणि मेपल स्ट्रीटवरच्या या बाईंना कुणी ओळखत असेल तर हाताला धरून घेऊन जा.”

काचेपलीकडे देओलिंदाने मान हलवली, फोनवरच्या कुणाला तरी निरोप पोचवल्यासारखी.

आता केंद्राकडे कार्यक्रम थोडे आणि वेळ उदंड. त्यामुळे एक भाग आठवड्यात नऊ वेळा दाखवतात. तिने टीव्ही बंद ठेवला, तर शेजारच्या भिंतीतून डॉक्टर बेतेंकूर येऊ लागले. बेकरीत गोड पाव घ्यायला गेली, तर काउंटरवरच्या टीव्हीत ते चष्मा काढत होते. “याच आठवड्यात जा.” शनिवारपर्यंत तिने ते पाच वेळा ऐकलं. ती गेली नाही.

गाव मात्र कामाला लागलं होतं. मेपल स्ट्रीटवर त्या वयाची आपली एकच बाई होती. इदालिना आर्रुदा, वय चौसष्ट, महिन्यापूर्वीच गावातलं जुनं घर सोडून लेकीकडे राहायला आलेली. तिची भांडी खोक्यात भरून तिथे पोचवणारी देओलिंदाच. ती त्या लेकीची धर्ममाता होती, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. रविवारी हे लक्षात आलं तेव्हा देओलिंदा चर्चच्या बाकावर बसली ती उठेचना. तोवर इदालिनाच्या दारात केलच्या पाल्याच्या सुपाची सात पातेली जमली होती. सोमवारी लेकीने रडत रडत आईला गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

गुरुवारी, चित्रीकरणाला अर्धा तास असताना, इदालिना काचेच्या खोलीत शिरली आणि तिने दार लावून घेतलं.

“काय गं कोमाद्रे, कोण ती बाई? माझ्या गल्लीत राहते, माझ्या वयाची आहे, आणि मला माहीत नाही?”

“नाव नाही सांगितलं. फोनवर...”

“फोनवर! हा फोन कधी वाजलाय? मागे मी इथे खुर्च्या मांडायला यायचे तेव्हा बघितलंय. धूळ पुसायलासुद्धा उचलत नाहीस तू.”

देओलिंदाने बाहीने फोनवरची धूळ पुसली.

“त्या डॉक्टरीणबाईने मला टेबलावर झोपवलं. इतकं तर माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. वर सोनोग्राफी. फादरनी माझ्यासाठी प्रार्थना लावली. लेक मला शिडीवर चढू देत नाही.” इदालिना खुर्चीत बसली. टेबलावर कोरं कार्ड होतं, ते तिने उलटं करून ठेवलं. मग आवाज खाली आला. “किती दिवस झाले?”

“चार आठवडे.” आणि पेनाचं टोपण लावत, “आईला झालं होतं तसंच.”

“तुझ्या आईला कोमाद्रे नव्हती का?”

“होती. आईने सांगितलं नाही.”

“मूर्ख होती, देव तिला शांती देवो. आता ऐक. तुझं दुखणं मी तपासून आले, माझ्यात काही निघालं नाही. उद्या नऊला त्यांनी मला परत बोलावलंय, निकाल समजावून सांगायला. ती वेळ तुझी. मी बाहेर बसते.”

“उद्या नको. पुढच्या...”

“देओलिंदा! एवढी सात पातेली सूप मी तुझ्या नावाने प्यायले. उद्या!”

त्या दिवशीचं कार्ड होतं: ‘स्त्री, चौसष्ट, सूप जास्त झाल्याने पोट फुगलंय.’ अक्षर इदालिनाचं होतं.

शुक्रवारी नऊला दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई परक्या होत्या, याचंच देओलिंदाला समाधान. त्यांनी तपासणीसाठी गर्भाशयातला कणभर तुकडा घेतला. निकालाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत देओलिंदाने स्वयंपाकघराची सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा लावली, दोनदा. मग निकाल आला: ज्याची भीती होती तेच, पण अगदी सुरुवातीचं. गर्भाशय काढायचं, बहुधा तेवढ्यावर भागेल. “चार महिने उशीर केला असता तर दुसरं बोलले असते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फॉर्मवर ‘कोणाच्या सल्ल्याने आलात?’ असा रकाना होता. देओलिंदाने खूप विचार करून लिहिलं: टीव्ही.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली ती गुरुवारची. इदालिना सकाळपासून इस्पितळातच होती. केंद्रात झेफेरीनु ठरल्या वेळी कॅमेऱ्यासमोर बसले, प्रेक्षकांना फोन करण्याचं आवाहन केलं आणि काचेच्या खोलीकडे बघत राहिले.

त्या गुरुवारी कार्यक्रमाला एकही प्रश्न आला नाही.