म्या पाह्यलं हाये, तुमी पाहून घ्या

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांची क्षमा मागून मी एकच नाव घेतो : दिग्रसचे माझे भोंगेवाले मामा. आणि लगेच दुसरं विधान करतो, ज्याला खोडायचं असेल त्यानं खुशाल खोडावं. उभा जन्म जाहिरातीच्या धंद्यात काढून एकही खोटी जाहिरात न केलेला माणूस साऱ्या जगात एकच आहे, आणि तो माझ्या आईचा सख्खा भाऊ आहे!

मामांचा धंदा साधा. जुन्या मोपेडच्या पुढे भोंगा बांधलेला, मागे कॅरिअरवर बॅटरीचा डबा, गळ्यात अडकवलेला माइक, आणि डोक्यावर ऊन असो नसो, पांढरा रुमाल. कपड्याच्या दुकानातला सेल, नवी खानावळ, उद्या नळाला पाणी येणार नसल्याची खबर, हरवलेली म्हैस, सापडलेली म्हैस, हे सगळं दिग्रसला मामांच्या तोंडून कळायचं. आवाज असा की बसस्टँडवर त्यांनी "ऐका हो" म्हटलं की पुसदच्या गाडीत जागा धरून बसलेली माणसं ऐकायला खाली उतरत आणि त्यांची जागा जाई. पण नुसत्या आवाजावर माणूस मोठा होत नाही. मामा मोठे झाले ते एका हट्टामुळे. जी गोष्ट स्वतः वापरून, खाऊन, घालून किंवा सोसून पाहिली नाही, तिची जाहिरात ते करत नसत. आणि पाहिल्यावर जे आढळेल ते सगळं सांगत. गुणही आणि खोटही. शेवटी ठरलेलं वाक्य : "म्या पाह्यलं हाये, आता तुमी पाहून घ्या!"

हा हट्ट कुठून आला, हे मी लहानपणी विचारलं होतं. आम्ही बंजारा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. त्या फिरतीला आमच्यात लदेणी म्हणतात. मामा म्हणाले, "लदेणीतला मानूस मीठ जिभेवर ठेवल्याबिगर गोनी उचलत नोयता. काहून? पुढच्या साली त्याच गावात तोंड दाखवाचं रायते, भाणेज! मी बी तेच करून राह्यलो. बैलाच्या जागी मोपेड आली, जीभ तीच हाये."

आता ही जीभ दुकानदारांना किती महागात पडे ते ऐका. एका दुकानात साड्यांचा सेल लागला. मामांनी नियमाप्रमाणे एक लाल साडी घरी नेली आणि मामीला धुवायला लावली. त्याच बादलीत मामांचं धोतर होतं. दुसऱ्या दिवशी मामा गुलाबी धोतर नेसून भर बाजारात निघाले आणि भोंगा सुरू झाला : "लाल सोडून समदे रंग पक्के! लाल म्या सोता नेसून फिरून राह्यलो, पाहून घ्या!" दुकानदार गल्ल्यावरून उठून अनवाणी त्यांच्या मागे पळाला. "अहो मामा, माझं दिवाळं काढता काय?" मामांनी मोपेड थांबवून शांतपणे माइक बंद केला आणि म्हणाले, "निळी बी धुवून पाह्यली राजेहो. निळी एक नंबर हाये. ते बी सांगून राह्यलो ना!" संध्याकाळपर्यंत लाल सोडून सगळ्या साड्या संपल्या. पुढच्या सेलला तोच दुकानदार सकाळी सकाळी मामांच्या दारात साडी घेऊन उभा होता, आणि या वेळी धुवायची बादलीही त्यानेच आणली होती.

दातांचा दवाखाना नवीन उघडला तेव्हा तर घरात रडारड व्हायची बाकी होती. मामांचे दात चांगले, दगडासारखे. पण पाहिल्याशिवाय सांगायचं कसं? त्यांनी आपली एक मागची दाढ, "नाई तरी ते काही कामाची नाई," असं म्हणून उपटून घेतली. मामी कपाळावर हात मारून म्हणाली, "उद्या स्मशानाची जाहिरात आली तं काय करान?" मामा काही बोलले नाहीत, कारण तोंडात कापूस होता. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या गालानं त्यांनी जी जाहिरात केली तिचे निम्मे शब्द कोणाला कळले नाहीत, पण एक वाक्य साऱ्या गावानं पाठ केलं : "दुखते! पन डाक्टर सांगते तेवढंच दुखते, जास्त नाई!" त्या डॉक्टरांकडे आजही गर्दी असते.

निवडणुकीत उमेदवार मामांच्या घरी चकरा मारत. मामा सगळ्यांना चहा पाजत आणि सगळ्यांना नाही म्हणत. "यायले चाखून पाहाची सोय नाई," एवढंच कारण. सोयरिकीच्या बैठकीला मात्र नातेवाईक त्यांना न्यायला घाबरत, आणि ते बोलावल्याशिवाय जात. एकदा मुलीकडच्यांसमोर, सगळं जमत आलेलं असताना, मामा नवऱ्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "पोट्टा सोन्यासारखा हाये. पन झोपते लय. सकाळी याले उठवाचं काम तुमच्या पोरीले करा लागन." मुलाचा बाप पांढराफटक पडला. सोयरीक मोडली नाही. पुढे मुलीच्या वडिलांनी सांगितलं, "यांनी झोपेचं सांगितलं ना, म्हणून सोन्याचं खरं वाटलं."

मी फुलसावंगीजवळच्या तांड्यातला. शाळेपासून बी.कॉम.पर्यंत मामांच्या घरी राहिलो, मामीच्या हातचं खाल्लं. आमच्या तांड्यातला पहिला पदवीधर मी. निकाल लागला तेव्हा मामांनी गुणपत्रिका मागून घेतली, चष्मा लावून वरून खाली वाचली, मोपेड काढली आणि मी नको नको म्हणत असताना साऱ्या दिग्रसला ऐकवलं : "आमचा भाणेज बी.कॉम. झाला हो! तांड्यातला पयला! इंग्रजीत काठावर पास हाये, पन झाला! म्या पाह्यलं हाये!" मला वाटलं जमीन फाटावी. पण त्याच दिवशी संध्याकाळी अनोळखी माणसं रस्त्यात थांबवून हातात पेढे ठेवत होती, आणि एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या गालावरून हात फिरवून विचारलं, "काठावर म्हंजे किती रे बाप्पा?"

पुढे मी पुण्याला गेलो. मुलाखती दिल्या, पडलो, पुन्हा दिल्या, शेवटी एका कंपनीत लागलो. तिथं लोकांना स्वतःचा ब्रँड कसा घडवायचा ते शिकवत. माणसानं स्वतःला कसं मांडावं, समाधानाचं आयुष्य कसं उभं करावं. मी भारावून गेलो! हे आपल्या पोरांपर्यंत न्यायचं, या एकाच ध्यासानं नोकरी सोडली आणि क्लास काढायला दिग्रसला परत आलो. वडिलांना हे अजिबात पटलं नव्हतं. "सहा महिने पाह्यतो. क्लास चालला नाई तं गुमान पुण्याले वापस जाशीन," असं ते बजावून गेले होते. पहिल्या रविवारसाठी सभागृह ठरवलं. फ्लेक्स छापला, त्यावर माझा कोटातला फोटो. आता सगळं एका गोष्टीवर होतं. दिग्रसमध्ये मामांनी सांगितलं नाही तर कोणी येत नाही.

मामा म्हणाले, "पयले मले शिकव."

त्यांच्या ओसरीवर मी कोट घालून उभा राहिलो आणि पुण्यात शिकलेलं सगळं, हातवाऱ्यांसकट, बोललो. मामा पाटावर मांडी घालून शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "कोट कोनाचा हाये?"

"रूम पार्टनरचा."

"अन् हे बोलनं?"

मी कोटाची बटणं सोडू लागलो.

"बोलला चांगलं. पन हा जो बोलून राह्यला ना, त्याले मी वळखत नाई. म्या तं त्याले कधी जेवू घातलं नाई." मामी आतून म्हणाली, "काहून पोराले हिनवता?" मामांनी हातानं तिला थांबवलं. "हिनवत नाई. चाखून पाहून राह्यलो. भाणेज, तुले सोताले काय येते? जे तू भोगून पाह्यलं, ते सांग."

मी म्हणालो, "मले मुलाखतीत घाम सुटे. एवढा की फाईल ओली होये. मग हळूहळू कमी कसा झाला, ते मले माहीत हाये."

"बस," मामा म्हणाले आणि उठून गेले. जाहिरात करणार की नाही, ते सांगितलंच नाही.

आठवडी बाजाराचा दिवस उजाडला. सकाळ गेली, भोंगा नाही. दुपार झाली, भोंगा नाही. मी सभागृहाचं भाडं परत मागायला निघालो होतो, खरंच निघालो होतो, आणि कापसाच्या जिनिंगच्या रस्त्याकडून तो आवाज आला. "ऐका हो! आमच्या भाणेजानं क्लास काढला! फ्लेक्सवरचा कोट पाहून येऊ नका, कोट वापस जानार हाये! इंग्रजीत काठावर पास हाये, हे तं तुमाले माहीतच हाये! पन मुलाखतीत ज्या पोट्ट्याले, ज्या पोरीले घाम सुटते, त्यानं रविवारी यावं! याले लयच सुटला हाये! म्या पाह्यलं हाये, आता तुमी पाहून घ्या!"

रविवारी सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत! मी कोट घरी ठेवून गेलो होतो. पहिल्या रांगेतल्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, तुमाले खरंच घाम सुटला होता?" सगळे हसले, मी पण हसलो, आणि तिथूनच क्लास सुरू झाला. आज तो दिग्रसला आहे, पुसदलाही आहे. वडील आता आल्यागेल्याला सांगतात की कल्पना त्यांचीच होती. ब्रँड म्हणजे काय, असं मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना गुलाबी धोतराची गोष्ट सांगतो.

मामांचा भोंगा मात्र बंद झाला आहे. घशाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी आवाज काढायला मनाई केली, आणि लेक त्यांना आणि मामीला वणीला आपल्या घरी घेऊन गेली. जावई कोळशाच्या खाणीत आहे. फोनवर मामा पूर्वीही बोलत नसत. मोठा आवाज लहान नळीतून काढणं त्यांना पटत नसे. म्हणून परवा मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं :

"मामा, मामी, रामराम.

तुमचा भोंगा म्या क्लासात टांगून ठेवला होता. मंगळवारी उतरवला, बॅटरी भरली आन् बाजारात घेऊन गेलो. एका नव्या टेलरची जाहिरात होती. पयले सोता सदरा शिवून घेतला. शिलाई पक्की हाये, डावी बाही थोडी आखूड हाये. दोनी सांगितलं. माहा आवाज बसस्टँडपर्यंत बी गेला नाई, पन टेलर मागं पळत आला, म्हनून वाटलं काम बरोबर झालं.

मामा, एक अडचन हाये. गावात ज्याले भेटीन तो इचारते, मामा बरे हायेत का? साडीवाला इचारते, दातवाला डाक्टर इचारते, ते काठावरवाली बुढी बी इचारते. मामीनं कळवलं का तुमी बरे हा. पन म्या कोनाले सांगितलं नाई. म्या पाह्यलं कुठं हाये?

रविवारी सकाळच्या गाडीनं वणीले येतो. तुमी काही बोलू नका, नुसते समोर बसा. म्या पाहून घेतो. मंग इकडं येऊन साऱ्या दिग्रसले सांगतो.

तुमचा भाणेज"