रिकामी जागा आणि आमचे साडू

रिकाम्या जागेचा आमच्या साडूंनी घेतलाय तसा धसका घेतलेला माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा सापडायचा नाही. माणसांनी भरलेल्या लिफ्टमध्ये ते बिनधास्त घुसतात; रिकामी आली की मात्र दारात थबकतात, आत डोकावून हळूच विचारतात, "येऊ का?" आणि मग कोपऱ्यात अंग चोरून उभे राहतात. उरलेली जागा कुणासाठी, हे विचारायची आपली छाती होत नाही. माझी थोरली मेव्हणी म्हणते, "लग्नात वाटलं, काय सभ्य माणूस! आता मलाच घरात एकटं बसवत नाही."

हे खूळ आमच्या धंद्यातलं. महाप्याला आम्ही दोघं एकाच ऑफिसात. प्रोग्रॅमच्या सुट्या फायली जोडून चालतं सॉफ्टवेअर तयार करायचं, त्याला आम्ही 'बिल्ड' म्हणतो. कुणाचा बिल्ड अडला की साडू बूट काढून अनवाणी येतात आणि स्क्रीनजवळ तोंड नेऊन आपल्या सातारी बोलीत विचारतात, "कोण हाय रं?" पहिल्यांदा ऐकणारा हसतो. दुसऱ्यांदा नाही हसत.

कंपनीत माणसं कमी करायचं निघालं, तेव्हा आमच्या दोघांतला एकच राहणार, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि नेमका माझाच बिल्ड अडला! साहेबांनी बजावलं, आज झालं नाही तर तुम्ही घरी. मशीन म्हणत होतं, अमुक फाइल नाहीच. अहो, फाइल डोळ्यांसमोर, नाव अक्षर न् अक्षर बरोबर! साडूंना कुठल्या तोंडानं बोलवू? एवढ्यात मागे अनवाणी पावलं वाजली.

बाणाची कळ एकेकदा दाबत साडू कर्सर त्या नावावरून पुढे नेऊ लागले. एका अक्षरापाशी कळ दाबली, पण कर्सर हललाच नाही. पुन्हा दाबली, तेव्हा सरकला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. दोन अक्षरांच्या मधे, जिथं जागाच नव्हती, तिथं काहीतरी होतं.

"नाव च्याटवरनं उचललंत न्हवं, पाव्हणं?" साडू कुजबुजले. "त्याच्यासंगं बिनरुंदीचं रिकामं अक्षर आलंय. दिसत न्हाई, पर मशीन ते मोजतंय." मग "जा बाबा आता" म्हणत त्यांनी ते खोडलं. स्क्रीनवर तसूभर फरक नाही. बिल्ड मात्र झाला.

"कशाला आलात, साडूभाऊ? अडू द्यायचा होता!"

"तुमची पोरगी अजून शाळंत हाय," एवढंच बोलून ते बूट घालायला गेले. महिना संपला तसं त्यांना कमी केलं.

आता दुपारी त्यांचा फोन येतो. "काय अडलंय का?" अडलेलं नसलं तरी मी हो म्हणतो. मग मी कळ दाबत बसतो, ते पलीकडे श्वास रोखून ऐकतात. परवा मधेच ओरडले, "थांबा! हितं हाय." एक अक्षर मागे येऊन पुन्हा कळ दाबली. कर्सर सरळ पुढे गेला. काहीच नव्हतं तिथं. फोनवर ते वाट बघत होते. मला फार भरून आलं.

"आहे, साडूभाऊ," मी म्हटलं. "बरं झालं तुम्ही होतात."