आवाजापुढं पळणारं विमान

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होतो. फोन डब्याला टेकवून ठेवला होता. अमेरिकेतल्या लेकीचं बोलणं झालं, मग फोनवर जावई आले. विमानं आखायची त्यांची नोकरी. सध्या आखत होते ते आवाजाच्या पुढं पळणारं, माणसं नेणारं विमान. त्यांनी चित्र दाखवलं. बगळ्यासारखी लांब चोच.

"ह्याच्यानं पोरगी किती वेळात येईल, बापू?" बायकोनं विचारलं.

"निम्म्या वेळात, मामी. पण अजून कागदावरच हाय. त्याच्याजोगं इंजिन मिळंना. वरून गेलं की खाली तोफेवानी धडाका होतो, म्हणून गावावरून जाऊ देत न्हाईत. अन् तेल इतकं पितंय की तिकीट शेठ लोकांलाच परवडंल. बनवावं का न्हाई, कंपनीच्या मालकालाच कळंना."

"मग पगार कशाचा घेता वो?"

जावई लई हसले. मीही हसलो.

दुपारी जेवून बायको आडवी झाली, ती उठलीच नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं. भिंतीला टेकवून बसवली, लुगड्यानं बांधली, कपाळाला विभूती लावली. आमचे गुरू, जंगम, म्हणाले, दिवस मावळायच्या आत उरकू. लेक फोनवर रडत होती, "आण्णा, थांबा. मला आईचं तोंड बघायचंय. मी निघाले."

मी भावकीला सांगितलं, "कुणी हात लावायचा न्हाई. पोरगी येईल."

औशातून बर्फाच्या लाद्या आणून भोवती रचल्या. मग भीती शिरली. लेकीचा फोन बंद. ती आभाळात, कोणत्या समुद्रावर कोण जाणे. विमान पडलं बिडलं तर? इकडं बायकोची मान कलायची, मी सरळ करायचो. जिच्यासंगं जन्म काढला, तिच्या तोंडाकडं बघायला भ्यायलो.

रात्री जावयांना फोन लावला. "बापू, तुमचं ते विमान एखादं तरी उभं असंल की. नमुन्याला का होईना. वाटंत जिथं उतरंल तिथून त्यात बसवा तिला."

ते म्हणाले, "मामा, एकबी न्हाई वो. ती उद्या सांजच्याला पोचंल."

सकाळी उजाडल्यावर मी तोंडावरचं फडकं काढलं. ओठ काळे पडले होते. गाल तिचे वाटेनात. हे तोंड पोरीच्या डोळ्यांत जन्मभर राहिलं असतं. जंगम दारात उभे होते. मी बांधलेलं लुगडं सोडलं आणि म्हणालो, "उचला."