दाजीबांची 'बागेची खबर'

दाजीबा गेल्याचं मला अकोल्याच्या कापसाच्या बाजारात कळलं. गाड्यांची लांबच लांब रांग लागली होती, धुळीनं डोळे चुरचुरत होते आणि मी एका गाडीवानाशी गाडी कुठे सोडायची यावरून हुज्जत घालत होतो. तो अमरावतीकडचा निघाला. कुणीतरी मला 'मास्तर' म्हणून हाक मारली तसा तो माझ्याकडे निरखून पाहू लागला. "फुलझाडाइचा कागद लिवनारे मास्तर तुमीच काय? मंग तुमाले समजलं नसन… दाजीबा देशमुख गेले ना. आठ दिस झाले. तापानं." एवढं बोलून तो बैलांना पाणी दाखवायला वळला. आणि मी काय केलं, तर त्याच्यामागे जाऊन ती हुज्जत पुरी केली. त्याला सहा आठवडे होऊन गेले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो, अंगणात फेऱ्या घालतो, पुन्हा पाटावर येऊन बसतो… बायकोनं आता टोकायचंही सोडलं आहे.

ज्यांना आमची मंडळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दाजीबांचं काळ्या जमिनीचं मोठं शेत अमरावतीच्या वेशीबाहेर होतं. विहिरीच्या कडेचा एक तुकडा मात्र त्यांनी मोगरा, अनंत, शेवंती आणि नाना तऱ्हेच्या गुलाबांसाठी राखून ठेवलेला. घरचे लोक त्याला 'खुळ्याचा तुकडा' म्हणत. त्यांनी अमरावती, अकोला, अकोट, अचलपूर अशा गावांमधली आपल्यासारखीच अकरा माणसं हुडकून काढली. कुणी वैद्य, कुणी सावकार, अचलपूरचे अत्तरवाले कासमभाई, आणि अकोल्याच्या मराठी शाळेचा मास्तर मी. सगळ्यांनी एकत्र बसायचं म्हटलं तर दोन-दोन दिवसांचा प्रवास, म्हणून दाजीबांनी ठरवलं की महिन्याला एक कागद काढायचा. कुणाकडे काय फुललं, काय वाळलं, कीड कशानं गेली, कुणाकडे बी आहे, एवढंच त्यात लिहायचं. नाव 'बागेची खबर'. दाजीबांना मोडी येत असे, पण त्यांचं बाळबोध अक्षर म्हणजे शेतात कोंबड्या फिरून गेल्यासारखं. म्हणून लिहिणं माझ्याकडे आलं. बाळापूरचा जाड कागद, बोरू, आणि प्रत्येकाला एक अशा हातानं उतरवलेल्या प्रती.

पहिली दोन वर्षं मोठ्या गमतीची गेली. आपली खबर खाली का टाकली म्हणून सावकार रुसायचे, वैद्यबुवा जाईवर चार-चार पानं लिहून पाठवायचे आणि ती कापताना माझा जीव जायचा. कासमभाईंचं एकच असायचं. त्यांनी ओढ्याकाठी केवडा लावला होता आणि त्याला काही केल्या कणीस येत नव्हतं. दर महिन्याला त्यांची एकच ओळ यायची: "केवडा अजून रुसलेला आहे. सर्व मंडळींस सलाम." आम्ही सगळे त्या केवड्याची वाट पाहायला लागलो होतो.

मग तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि इकडे आमचा कापूस सोन्यासारखा झाला. कुणाच्याही तोंडी दुसरा विषय उरला नाही. आमचा कागद गावोगाव फुकट पोचवणारे गाडीवान म्हणू लागले, "मास्तर, गाडीत सुई ठेवाले जागा नाई." खबरी यायच्या बंद झाल्या. वैद्यबुवांनी तर जाईचा मांडव उपटून तिथे कापूस पेरला. दाजीबा म्हणाले, "लिवा. जाई गेली, पऱ्हाटी आली. हेबी खबरच हाये."

मी म्हटलं, "त्यांना वाईट वाटेल हो."

"वाटू द्या ना! वाईट वाटन तं पुन्यांदा लावतीन."

त्यांनी ती पुन्हा लावली नाही, वर रागावून मंडळीतून गेले. पण दाजीबा हटले नाहीत. पायी, घोड्यावर, मिळेल त्या वाहनानं एकेकाच्या दारी जाऊन बसायचे आणि खबर घेतल्याशिवाय उठायचे नाहीत. त्यांच्या भावांनी विहिरीजवळच्या तुकड्यासाठी तगादा लावला होता. त्यावर ते एवढंच म्हणत, "बाकी समदं वावर तुमचं. एवढं मले राहू द्या."

मी मात्र हटलो. शाळा सोडून मी एका कापसाच्या पेढीत पत्रव्यवहार लिहायला लागलो. दिवसभर बोरू चालवल्यावर घरी येऊन पुन्हा बोरू हातात धरणं नकोसं वाटे. एका महिन्यात दाजीबांच्या दोन ओळी सोडल्या तर कुणाकडूनही काही आलं नाही. कागद कोरा समोर… आणि मी लिहीत सुटलो. अकोटला निशिगंध बहरला, सावकारांच्या गुलाबावरची कीड तंबाखूच्या पाण्यानं गेली, असं काय काय. आणि शेवटी, हात भरात आला होता म्हणा, लिहून टाकलं की अचलपूरच्या केवड्याला पहिलं कणीस आलं, कासमभाईंचा सर्व मंडळींस सलाम. खरं सांगतो, लिहिताना मला आनंद झाला होता. इतका देखणा अंक आमचा कधी निघाला नव्हता. कुणी तक्रारही केली नाही. ज्याच्या-त्याच्या नावावर चांगलीच खबर होती ना!

पंधरा-वीस दिवसांनी, भर दुपारी, दाजीबा पेढीच्या दारात उभे राहिले. पागोट्यावर धूळ, डोळे लाल. मी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही.

"अचलपुराहून येऊन राह्यलो," ते म्हणाले. "केवडा पाहाले गेलतो. कासमभाईले द्याले गुलाबाचं कलम घेतलं संगं."

मी बोरू खाली ठेवला.

"कासमभाई महिन्याआंदीच मेले, मास्तर. त्याइच्या भावाच्या हाती म्या आपला कागद देल्ला. म्हनलं, वाचा, केवडा फुलला. त्यानं वाचला. दोनदा वाचला. मंग मले इचारते, 'ये सलाम किसने भेजा, देशमुख?'… मी काय सांगू त्याले? सांगा तुमी."

"दाजीबा, कुणाकडूनच काही आलं नव्हतं. कागद बंद पडला असता."

"पडला असता तं पडला असता. खोटं काहून लिवलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता तरी आलं असतं. "लोकं मले खुळा म्हनतात, म्हनू द्या. खोटा कोनी म्हनलं नोतं आजलोक."

ते पाठ फिरवून गेले. अचलपूर ते अकोट आणि अकोटहून अकोला, एवढी वाट त्यांनी बैलगाडीनं काढली होती, तेवढ्या चार वाक्यांसाठी. पुढच्या महिन्यापासून मला कागद आला नाही. अकोटचे एक गृहस्थ भेटले तेव्हा कळलं की दाजीबा आता तो स्वतःच्याच अक्षरात काढतात, अक्षर लावायला फार वेळ लागतो, पण काढतात. आणि पहिल्याच अंकात वर लिहिलं होतं की कासमभाई वारले, मागच्या खबरीत त्यांच्याविषयी खोटं गेलं, 'ती चूक माझी, त्यांच्या घरच्यांनी माफ करावं.' खाली दाजीबांची सही. माझं नाव कुठेही नव्हतं.

ते ऐकल्यावर तर माझं अमरावतीला जाणंच खुंटलं. दोन पत्रं लिहिली, दोन्ही फाडली. पुढे लढाई संपली, भाव कोसळले, माझी पेढी उठली आणि मी दुसऱ्या पेढीत त्याच कामाला लागलो. मधल्या काळात माझ्या मनात रोज येई, की पुढच्या महिन्यात जाऊ. दीड वर्ष गेलं या पुढच्या महिन्यात.

शेवटी गेलो तो त्यांच्या तेराव्यानंतर. दाजीबांच्या पत्नीला मी वहिनी म्हणतो. त्या ओसरीवर सरकी निवडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आले काय मास्तर? बसा." जणू मी गेल्या आठवड्यातच येऊन गेलो होतो. मी ओसरीच्या कडेला बसलो. त्यांनी आत जाऊन कागदांची एक चवड आणली. ही माझ्याशिवाय निघालेली 'बागेची खबर', दाजीबांच्या हातची मूळ पानं. मी एकेक पान उलटू लागलो. वाकडी अक्षरं, कुठे शाईचे डाग, अकोटची खबर, अमरावतीची खबर, अचलपूरच्या खबरीत कासमभाईंच्या भावानं लावलेली मेंदी. आणि प्रत्येक पानावर शेवटी ठळक अक्षरात 'अकोल्याकडील खबर', आणि त्याखाली चार बोटं जागा मोकळी. एकाही पानावर चुकलेली नव्हती.

"मी म्हने त्याइले," वहिनी म्हणाल्या, "कागद एवढा महाग, जागा काहून सोडता? तं म्हनत, राहू दे. मास्तरले लिवाची आसन तं कुठी लिवन?"

मी शेवटचं पान मागून घेतलं. त्यांनी दिलं. परतताना गाडीत ते मांडीवर धरून बसलो होतो, दुमडायचा धीर झाला नाही.

ते आता माझ्यासमोर आहे. अकोल्यात आमच्या मंडळीतला मी एकटाच, आणि माझ्या अंगणात लावलेलं एकही झाड नाही. शेजाऱ्यांच्या गावठी गुलाबाची एक फांदी कुंपणावरून आत आली आहे, तेवढीच. काल मी बोरू घेतला आणि त्या चार बोटांत लिहिलं: 'मास्तरांकडे स्वतःचं काही नाही. शेजारचा गुलाब आत आला आहे. त्यावर कळ्या तीन.' आज सकाळी जाऊन पुन्हा पाहिल्या, तर दोनच होत्या. एक कुणी खुडली, की काल माझंच चुकलं, कळायला मार्ग नाही. बराच वेळ फांदी हातात धरून उभा राहिलो. मग घरात आलो आणि तीन खोडून दोन केलं.