घरचे तीन ठिपके

परदेशी जायला पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट एवढंच लागतं, असा आमच्या घरात माझ्याखेरीज सर्वांचा समज होता.

सर्वांचा म्हणजे बायकोचा, सुनंदाचा. आमचा एकुलता एक मुलगा निखिल नेदरलँड्समध्ये आइंडहोवन नावाच्या शहरात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. त्याच्याकडे आम्ही पहिल्यांदाच राहायला निघालो होतो. सुनंदा मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला बांधत होती. मी मात्र फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये काय काय न्यायचं याच्या अभ्यासाला बसलो होतो. सगळी नोकरी मी कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली. दुसऱ्याने बनवलेला माल नापास करणं हा माझा धंदा. निवृत्त झाल्यावर माल यायचा थांबला, नापास करणं थांबलं नाही. (सुनंदाच्या मते ही सवय नाही, व्याधी आहे.)

पहिल्यांदा भाषांतराची ॲप्स तपासायला घेतली. मराठी वाक्य डचमध्ये जाऊन पुन्हा मराठीत सुखरूप परत येतं का, ही माझी चाचणी. मी फोनमध्ये खणखणीत आवाजात म्हणालो, "सकाळी दूध किती वाजता मिळतं?" ॲपने ते डचमध्ये नेलं, परत आणलं आणि गोड बायकी आवाजात सुनंदाला विचारलं, "तुम्ही सकाळी किती दूध देता?"

"मला काय विचारतेय ती? कात्रजच्या डेअरीत विचार म्हणावं!" सुनंदा भाजणी चाळता चाळता म्हणाली.

ते ॲप नापास. दुसरंही नापास. तिसरं घेतलं, कारण चौथं पैसे मागत होतं.

मग नकाशे उतरवले. अख्खा नेदरलँड्स, आणि वाट चुकून शिरलोच तर असावा म्हणून बेल्जियम. हवामानाचं ॲप, चलनाचं ॲप, औषधांच्या नावांचं ॲप. लॅपटॉपमध्ये एक असं सॉफ्टवेअर घातलं की आइंडहोवनमध्ये बसून नारायण पेठेतला घरचा संगणक चालवता यावा. (निघताना घराचा मेन स्विच मीच बंद केला, हे विमानात आठवलं.)

सुनंदाच्या फोनमध्ये एवढ्या सामानाला जागा होईना. मी जागा केली. तिच्या भजनी मंडळाची बरीच रेकॉर्डिंगं होती, ती पुसून टाकली.

"अहो, त्यात कुमुदताईंचा आवाज होता! त्या गेल्या ना आता!" ती म्हणाली.

"पण सगळी एकसारखीच तर होती," मी म्हणालो.

पुढे विमानतळापर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिला प्रवासाचं दडपण आलं असावं, असा मी निष्कर्ष काढला.

आणि या सगळ्या सामानावर कळस म्हणजे कुटुंबाचं ॲप! घरातला प्रत्येक माणूस नकाशावर ठिपका होऊन दिसतो. मी निळा, सुनंदा हिरवी, निखिल केशरी. कोण कुठे आहे, किती वेळ आहे, कधी निघालं, सगळं सगळ्यांना दिसतं. निखिलला मी व्हिडिओ कॉलवर ते घ्यायला लावलं.

"बाबा, आइंडहोवन म्हणजे जंगल नाही."

"जंगलात नेटवर्क नसतं. हे शहरातच चालतं."

कॉल संपवायचा एवढा एकच मार्ग उरल्यामुळे त्याने ते घेतलं. शेजारचे परचुरे सगळं ऐकत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "मुलाला भेटायला चाललात की पकडायला?" पेठेत लोकांना दुसऱ्याची हौस बघवत नाही, दुसरं काय!

विमानतळावर ॲपने पहिली चुणूक दाखवली. सुनंदा स्वच्छतागृहात गेली आणि माझ्या खिशातून सायरन वाजायला लागला. पाठोपाठ मोठ्या आवाजात घोषणा: "सुनंदा यांनी सुरक्षित हद्द ओलांडली आहे!" मला तो बंद करता येईना. रांगेतले लोक वळून बघू लागले. एक गणवेशधारी धावत आला.

"कोण सुनंदा? लहान मुलगी आहे का?"

"नाही हो, बायको आहे."

"कुठे गेल्या?"

मी बोटाने पाटी दाखवली. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी तपासणी खात्यात असताना इतरांसाठी वापरत असे. सुनंदा बाहेर आली तोवर अर्ध्या रांगेला तिचं नाव पाठ झालं होतं.

निखिल आम्हाला न्यायला आला. वाळला होता. "जेवत नाहीस का रे?" सुनंदाने विचारलं. "तुझा फोन जुना झालाय," मी म्हणालो.

रोज सकाळी तो डबा घेऊन सायकलवरून ऑफिसला जाई. मी खिडकीपाशी बसून त्याचा केशरी ठिपका ऑफिसपर्यंत पोचवीत असे. संध्याकाळी आला की चौकशी.

"वाटेत मध्येच थांबला होतास. कशाला?"

"सिग्नल होता, बाबा."

"एवढा वेळ?"

"मोठा सिग्नल होता."

पण मला एक गोष्ट खटकत होती. त्याचं ऑफिस रस्त्याच्या पलीकडे आणि ठिपका दिवसभर अलीकडे! पलीकडे काही केल्या जाईना.

"ॲप चुकतं, बाबा," निखिल ताटावरून मान वर न करता म्हणाला.

हा माझ्या निवडीचा अपमान होता. मी ॲप काढून पुन्हा घातलं. फोन हवेत धरून त्याचं होकायंत्र दुरुस्त केलं. निखिल आंघोळीला गेल्यावर त्याच्या फोनचंही केलं. मग ॲपच्या कंपनीला सविस्तर तक्रार पाठवली: आपला ठिपका रुंद रस्ता ओलांडू शकत नाही, कृपया लक्ष घालावं. त्यांचं उत्तर आलं की आमचा ठिपका बरोबर आहे, आपण माणूस तपासून पाहावा. मी उर्मट भाषेबद्दल दुसरी तक्रार पाठवली.

तेवढ्यात हिरवा ठिपकाही बिघडला. सुनंदा दुपारी बागेत फिरायला म्हणून जाऊ लागली. जाताना वहाणांऐवजी चांगले बूट, अंगावर शाल, पर्समध्ये डबा. आणि तिचा ठिपका बागेत न जाता सरळ निखिलच्या ठिपक्याशेजारी जाऊन बसे!

"बाग कुठे आहे ही?" मी विचारलं.

"आहे तिकडेच."

"ॲपमध्ये तर दिसत नाही."

"मग नसेल," ती म्हणाली आणि कांदा चिरायला बसली.

दोन माणसांचे ठिपके एकाच जागी चुकतात म्हणजे जागेतच दोष असणार. मी प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सुनंदा गेल्यावर फोन हातात धरून मी निघालो. माझा निळा ठिपका त्या दोघांकडे सरकू लागला. मी कालव्यापाशी आलो, आणि पाहतो तो काय, दोन्ही ठिपके हलले! एक डावीकडे, एक उजवीकडे! मी चाल वाढवली. त्यांनीही वाढवली.

पोचलो तेव्हा तिथे एक कॅफे होता. खिडकीतल्या टेबलावर दोन कप, एकातून अजून वाफ येत होती. खुर्च्या घाईने मागे सरकवलेल्या. मी दोन्ही खुर्च्यांच्या मधोमध उभा राहून फोन फिरवत होतो, तर वेटर मुलगी काहीतरी म्हणाली. मी भाषांतराचं ॲप पुढे केलं. ते म्हणालं, "ते पळाले."

मी ते ॲपही नापास केलं.

आता वाटतं, की त्या क्षणी दुसऱ्या कुणालाही कळलं असतं. माझा ठिपका त्यांनाही दिसत होता, एवढी साधी गोष्ट! ॲप घरात आणणारा मी, 'सगळं सगळ्यांना दिसतं' म्हणून मिरवणारा मी. पण आपण दिसतो, आणि आपण दिसलो की माणसं उठून जातात, हे कोणाच्या सहज डोक्यात येतं?

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनचं अपडेट सुरू झालं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला तो फिरतच राहिला. घरात दही संपलं होतं. म्हणून फोन चार्जिंगला ठेवून मी तसाच बाहेर पडलो, आणि कालच्याच रस्त्याला लागलो.

कॅफेच्या खिडकीत दोघं बसली होती.

सुनंदाचा डबा उघडा होता आणि निखिल हाताने थालीपीठ खात होता. समोर लॅपटॉप. तो काहीतरी सांगत होता, आणि सुनंदा हनुवटीला हात लावून ऐकत होती. मग ती काहीतरी बोलली आणि तो हसला. आम्ही आल्यापासून मी त्याला हसताना पाहिला नव्हता. मला वाटलं होतं, तिकडे थंडीमुळे हसत नसतील.

आत जायचं धैर्य होईना. परत फिरावं असं वाटलं. पण सुनंदाने वर पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. तिने आधी फोनकडे पाहिलं. तिथे मी अजून घरीच होतो.

मी आत गेलो.

"ऑफिस नाही का आज?" मी विचारलं.

निखिलने लॅपटॉप मिटला. "नोकरी गेली, बाबा. तुम्ही यायच्या आधीच. बऱ्याच जणांना काढलं. ठरलेल्या मुदतीत दुसरी मिळाली नाही तर हा देश सोडावा लागेल. इथे बसून अर्ज करतो, मुलाखती देतो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

सुनंदा म्हणाली, "मलाही त्याने सांगितलं नव्हतं. मी ओळखलं. नोकरीवाला माणूस सोमवारी सकाळी कुरकुर करतो. हा मुकाट्याने निघायचा."

"पण मी बाप आहे त्याचा! मला का नाही?"

"अहो," सुनंदा आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही त्याला जवळ घेतलं असतं, की सूचना दिल्या असत्या?"

कॅफेतलं कुठलंतरी मशीन जोरात फुसफुसलं. तेवढंच माझ्या बाजूने बोललं.

मुलाच्या खांद्यावर हात ठेवावा, असं फार वाटत होतं. 'असू दे रे, मी आहे,' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. सोपं होतं, मराठीत होतं. मी घसा साफ केला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "बायोडेटा एका पानात बसवलायस ना?"

सुनंदाने डोळे मिटले. निखिल हसला. मघासारखं नव्हे.

"बघ," तो आईला म्हणाला.

बस्स. एकच शब्द. पण त्यावरून मला कळलं, की माझ्याविषयी त्या टेबलाशी याआधी पुष्कळ बोलणं झालं होतं आणि निकालही लागला होता. माल नापास.

(नोकरी त्याला पुढे मिळाली. कशी मिळाली ते मला विचारू नका. मला ती बातमी सुनंदाकडून कळली.)

मी तिसरी खुर्ची ओढली. वेटर मुलगी आली, तिने मला ओळखलं आणि काही न बोलता काय हवं असं खुणेने विचारलं.

"बाबा, काय घेणार?"

"तुम्ही सांगाल ते. काहीही चालेल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. निखिलने मागवलेलं काहीतरी आलं. कप गळत होता, आतलं भयंकर गोड होतं आणि वर फेसाचा डोंगर केला होता. तिन्ही दोष मला घोट घ्यायच्या आधीच दिसले. मी ते सगळे फेसाबरोबर गिळले.

"कसं आहे?" सुनंदाने विचारलं.

"छान."

निखिलने कप खाली ठेवला. "आई," तो हळू आवाजात म्हणाला, "यांचा प्रवासविमा काढलायस ना गं?"

ती फस्सकन हसली. मग तोही. पदराआड नाही, मी गेल्यावर नाही. माझ्यावरचा विनोद, आणि चक्क माझ्या तोंडावर! एवढी बढती मला कारखान्यातसुद्धा कधी मिळाली नव्हती.