न ऐकू आलेला शब्द

परतूरला लग्न होऊन आले तेव्हा बी.ए. अर्धवट होतं. ते बाहेरून बसून पूर्ण केलं, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर दुपारी मोबाइलवर मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा क्लास सुरू केला. डॉक्टर पेशंटबद्दल जे बोलून रेकॉर्ड करतात ते कानांनी ऐकायचं आणि बिनचूक टाइप करायचं, एवढंच ते काम. घरबसल्या होतं म्हणून मी त्यात पडले.

सुरुवातीला सगळा वेळ शब्दांची तोंडं आणि शेपट्या पाठ करण्यात गेला. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. मग रेकॉर्डिंग आली. कुणी डॉक्टर तोंडात सुपारी ठेवल्यासारखा बोलायचा, कुणी वाक्याचा शेवट गिळून टाकायचा. एकेक ओळ मी दहादा मागं नेऊन ऐकायचे. शिकवणाऱ्या मॅडम कधी दिसल्या नाहीत, त्यांचा नुसता आवाज यायचा. त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या, की ऐकू आलं नाही तर जागा रिकामी सोडा, अंदाजानं भरू नका. 'नो' हा एवढासा शब्द सुटला तर धडधाकट माणूस कागदावर आजारी होतो.

सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, हे शिक्षण पटलेलं नव्हतं. त्या हाक मारायच्या आणि हेडफोनमुळे मला ऐकू यायचं नाही. कानात बोळे घालून बसते, असं त्या शेजारणीला सांगायच्या. पण दिवाळीनंतर त्यांचंच बोलणं कमी झालं. जेवण तुटलं, लुगडं अंगावर ढिलं पडायला लागलं. पोटात उजवीकडं दुखतं म्हणायच्या आणि ओवा खाऊन पडून राहायच्या. शेवटी परतूरच्या डॉक्टरांनी जालन्याला पाठवलं. तिथं सीटी स्कॅन झालं, आणि दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. कापसाचा सीझन होता, ह्यांना आडतीच्या दुकानातून निघता येईना. आम्ही दोघी सासूसुना रेल्वेनं गेलो.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. शेजारी एक शिकाऊ डॉक्टर उभा होता. त्याच्याशी ते इंग्रजीत बोलायला लागले, भरभर, आमच्या डोक्यावरून. आत्याबाई हात जोडल्यासारख्या बसल्या होत्या. आणि माझ्या लक्षात आलं की मला कळतंय. असेंडिंग कोलन, म्हणजे मोठ्या आतड्याचा उजवा भाग. तिथं ग्रोथ, म्हणजे गाठ. संशय कॅन्सरचा. तेवढ्यात कुणीतरी दार उघडलं, बाहेरचा गलका आत आला, आणि त्या गलक्यातून दोनच शब्द माझ्यापर्यंत पोचले. मेटास्टॅसिस. लिव्हर.

मेटास्टॅसिस म्हणजे रोग दुसरीकडं पसरणं. त्याच्या आधी ते 'नो' म्हणाले होते का? मला ऐकू आलं नव्हतं. इथं रेकॉर्डिंग मागं नेता येत नव्हतं.

मग डॉक्टर आमच्याकडं वळून मराठीत बोलले. पोटात सूज आहे, ऑपरेशन लागेल, पुढच्या वेळी मुलाला घेऊन या, असं म्हणाले. आत्याबाईंनी नमस्कार केला. मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. पण मला एक मिनिटही बसवलं नाही. त्यांना पाणी आणते म्हणाले आणि दारावरच्या माणसाला न विचारता परत आत शिरले.

"डॉक्टर, लिव्हरमध्ये मेटास्टॅसिस आहे की नाही, ते मला ऐकू आलं नाही."

ते दुसऱ्या पेशंटला तपासत होते. आधी चिडले, मग माझ्याकडं नीट पाहिलं. नर्स आहात का, म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले, क्लासचं सांगितलं.

"नाही," ते म्हणाले. "लिव्हर स्वच्छ आहे. पण उशीर करू नका."

आत्याबाईंना आत्ताच सगळं सांगू नका, घाबरतील, असंही ते म्हणाले. बाहेर येऊन ह्यांना फोन लावला. ह्यांचंही तेच म्हणणं, मी येईपर्यंत गप्प राहा. मी बरं म्हणाले.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. आत्याबाई बाहेर बघत होत्या. मी डब्यातली भाकरी काढली, त्यांनी नको म्हटलं. मग बाहेर बघतच त्या म्हणाल्या, "तू परत आत गेल्तीस."

मी पाणी आणायला गेले होते, असं म्हणाले. माझ्या हातात बाटली नव्हती.

"दिवसभर त्या मोबाइलातल्या डॉक्टरांचंच तर ऐकून राह्यलीस तू. मंग ह्याचं कळलं न्हाई व्हय? खरं सांग. न्हाईतर मी काय काय मनात धरीन."

समोरच्या बाकावर अनोळखी माणसं होती. ह्यांना दिलेला शब्द मोडायचा का, हे ठरवायला मला बराच वेळ लागला. मग मी त्यांच्या कानाशी वाकले.

"आतड्यात गाठ हाय, आत्याबाई. कॅन्सरची असू शकती. काढावी लागंल. पसरलेली न्हाई."

"पसरली न्हाई, हे तुझ्या मनचं का त्याचं?"

"त्यांचं. तेच इचारायला गेल्ते."

मग त्यांनी भाकरी मागितली, चतकोर खाल्ली, उरलेली माझ्याकडं दिली. स्टेशनवर उतरल्यावर मात्र माझा दंड धरून चालल्या.

घरी हे माझ्यावर रागावले. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आत्याबाईंनीच त्यांना समजावलं. ऑपरेशन संभाजीनगरला झालं. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण सगळी निघाली. मी दवाखान्यात असल्यामुळे क्लासची परीक्षा बुडाली. ती पुढच्या खेपेला दिली आणि काठावर पास झाले. आता थोडं थोडं काम मिळतं. आत्याबाई तपासणीला वर्षातून दोनदा जातात, आणि डॉक्टरांच्या खोलीत मुलाला नाही, मला सोबत घेतात.