ड्रममधली सातवी आसरा

मला दगड गोळा करून घासायचा छंद आहे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. निदान पाऊस पडत होता तोपर्यंत. दोन पावसाळे कोरडे गेल्यावर बायका माझ्या ड्रमकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या, कारण ड्रमला पाणी लागतं.

ड्रम म्हणजे झाकणाचा पाच लिटरचा डबा, आतून टायरची ट्यूब चिकटवलेला. तो दोन लोखंडी रुळांवर आडवा फिरतो. माझा नवरा पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देतो. त्यानंच जुन्या कूलरच्या मोटारीवर हे जुळवून दिलं. आत दगड, घासायची कार्बोरंडमची भरड पावडर आणि दगड बुडतील एवढं पाणी घालायचं. आठ दिवस फिरवायचं, धुवायचं, बारीक पावडर घालायची, पुन्हा आठ दिवस. भारनियमन असलं की आठाचे पंधरा होतात. अशा चार फेऱ्यांनंतर गोदावरीच्या वाळूतला कोणीही न उचलणारा गोटा घोटीव काचेसारखा होतो. अकीक असेल तर आतले पट्टे दिसतात. मला ते बघायला आवडतं. एवढंच कारण आहे.

टँकरच्या दिवसांत दोन तांबे पाणीसुद्धा लोकांच्या डोळ्यावर येतं. म्हणून मी घासणीचं पाणी बादलीत निवळायला ठेवायचे आणि वरचं पुन्हा वापरायचे. खाली बसलेला गाळ सिमेंटसारखा घट्ट होतो, तो मागच्या भिंतीतल्या उंदरांच्या बिळांत लिंपायचे. त्या उन्हाळ्यात मी आणखी एक काटकसर केली. दगड ड्रममध्ये टाकण्याआधी धुणं बंद केलं. माती पहिल्या फेरीत आपोआप निघते, मग वेगळं पाणी कशाला, असा माझा विचार. विचार चुकीचा नव्हता. फक्त मातीखाली काय आहे हे मी बघितलं नाही.

मी आमच्या बायकांच्या दूध संस्थेची सचिव आहे. संस्थेची विहीर संकलन केंद्राच्या मागेच. ती आटली आणि म्हशींना पाजायला पाणी राहिलं नाही, तेव्हा ती आणखी खोल करायचं ठरलं. शेजारच्या तालुक्यातलं एक जोडपं यारी, म्हणजे विहिरीतला मलबा वर ओढायचं यंत्र, घेऊन आलं. नवरा दोन गड्यांबरोबर खाली उतरायचा, बायको वर यारी चालवायची आणि विहिरीपासून थोड्या अंतरावर पाल ठोकून तिथंच स्वयंपाक करायची. वर येणाऱ्या मलब्यात भोकाभोकांच्या मांजऱ्या खडकाचे तुकडे असायचे आणि त्यांच्या पोकळ्यांत कधी गारगोटी, कधी अकीक. मी दूध मोजून झालं की त्या ढिगाऱ्यावर जायचे आणि ओचा भरून घरी यायचे.

विहिरीच्या काठावर साती आसरा होत्या, पाण्याच्या देवी. सात दगड, मुठीएवढे, शेंदूर लावलेले. काम सुरू झालं तेव्हा संस्थेतल्या सगळ्यात जुन्या सभासदानं, जिला आम्ही सगळ्या मावशी म्हणतो, त्या उचलून बाजूला पोत्यावर मांडल्या होत्या. पोतं ढिगाऱ्याला लागूनच होतं. हे मला माहीत होतं. रोज दिसत होतं.

मंगळवारी सकाळी मावशी आठवड्याचा दिवा लावायला गेली आणि ओरडत परत आली. "सहाच हायेत! एक न्हाई!"

केंद्रावर तेव्हा पंधरा-वीस बायका किटल्या घेऊन उभ्या होत्या. कोणीतरी म्हणालं, कुत्र्यानं लोटली असेल. कोणीतरी ढीग उकरून बघितला. मग एक जण हळूच म्हणाली, "यारीवालीकडं बघा जरा. काल मिरची ठेचत होती. गोल दगडानं."

सगळ्या तिकडे निघाल्या. मीही गेले. सचिव म्हणून जाणं भाग होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

पालासमोर यारीवाली भाकरी थापत होती. चुलीशेजारी तिचा मिरची ठेचायचा गोटा पडला होता. गोल, मुठीएवढा, वापरून गुळगुळीत झालेला, एका अंगाला लालसर. मावशीनं तो उचलला.

"ह्यो कुठून आणला गं?"

"माह्या मायनं देल्लाय. लग्नात."

"लग्नात कुनी दगड देतं व्हय?"

"आमच्यात देतेत," ती म्हणाली. तिचे हात पिठाचे होते, त्यामुळे तिला गोटा हिसकावूनही घेता येईना. "तुमची न्हाई ती. वास घ्या की, मिरची हाय."

"तेच म्हनते मी. आसराच्या अंगाला मिरची चोळली, आन मग म्हनायचं पाणी कावून लागंना!"

संस्थेच्या चेअरमनबाईंनी जास्त बोलू दिलं नाही. त्या घाबरल्या होत्या. विहिरीचा ठराव त्यांचाच होता आणि खाली अजून झरा लागला नव्हता. त्या म्हणाल्या, संध्याकाळी दुधाचा टेम्पो येईल, त्यात यारी घाला आणि जा. दुसरी माणसं बघू. मावशीनं गोटा अर्ध्या तांब्या पाण्यानं धुतला, शेंदूर-तेल लावलं आणि पोत्यावर मांडला. सात झाल्या. बायका पाया पडून घरी गेल्या.

मी घरी जाऊन मोटार बंद केली आणि ड्रमचं झाकण काढलं. घासणीचं पाणी राखाडी असतं. हे केशरी होतं. वर तेलाचा पातळ थर.

चार दिवसांपूर्वी ढिगाऱ्यावरून आणलेले दगड मी एकेक काढून फडक्यानं पुसले. सहावा की सातवा हातात आला तेव्हा कळलं. कोपरे गेले होते, पण एका खळगीत शेंदूर तसाच अडकून बसला होता. यारीच्या बादलीतून टाकलेला चिखल पोत्यावर घसरला असणार, एक आसरा ढिगाऱ्यात गडगडली असणार आणि मी ती चिखलासकट ओच्यात टाकली. धुतली असती तर त्याच क्षणी दिसलं असतं.

नवरा जेवायला आला. त्याला सांगितलं. त्यानं दगड हातात घेऊन वजन केल्यासारखा वर-खाली केला.

"तिथं सात झाल्या ना?"

"झाल्या."

"मग? हा टाक कुठंतरी नदीत. मिटलंय ते कावून उकरतेस?"

"अहो, ते लोक संध्याकाळी चाललेत."

"जातेत तर जाऊ दे. त्यांना दुसरीकडं काम हाय. तुला दुसरी संस्था हाय का?"

हे बरोबर होतं. बायका माझ्या मापावर विश्वास ठेवून दूध घालतात. फॅट किती लागली ते मी सांगते आणि त्या मान हलवतात. देव ड्रममध्ये फिरवणाऱ्या बाईचं माप त्या उद्या मानतील का, हे मला माहीत नव्हतं. मी त्याला ताट वाढलं. दगड ओला होता तो पदरात धरून बसले. विहिरीकडून यारीचा आवाज येत नव्हता. उतरवायला घेतली असणार. एवढा एकच विचार डोक्यात होता की टेम्पो साडेपाचला येतो.

चारला मी उठले. आधी मावशीच्या घरी गेले, तिला आणि चेअरमनबाईंना घेऊन विहिरीवर. यारीचे पाय सुटे करून ठेवले होते. यारीवाली भांडी पोत्यात भरत होती. मी सगळ्यांसमोर दगड पुढे केला आणि काय झालं ते सांगितलं. लांबवलं नाही.

मावशीनं खळगीतल्या शेंदरावर अंगठा फिरवला. मग म्हणाली, "वैनी, आमच्या रेडकाला प्यायला पाणी न्हाई, आन तुमी देवाला पाळण्यात घालून फिरवता व्हय?"

चेअरमनबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. मला नाही आलं.

"भंगली नाही ना?" मी विचारलं. भंगलेली मांडत नाहीत.

"भंगली न्हाई. झिजलीय." तिनं पोत्यावरचा गोटा उचलला, त्या जागी झिजलेली ठेवली. मग ती गोटा हातात धरून अडली. शेंदूर लावला, पाया पडलो, आता हा परत मिरचीला कसा द्यायचा? आठ आसरा असतात असं कोणी ऐकलेलं नाही.

यारीवालीनं प्रश्न सोडवला. ती उठली, मावशीच्या हातातून गोटा काढून घेतला, चुलीतली राख लावून खसाखसा घासला आणि पोत्यात, भांड्यांच्या मध्ये टाकला. "माही आसरा न्हाई ती," ती म्हणाली. "माह्या मायची वस्तू हाय."

मी म्हटलं, "झालं ते चुकलं. यारी परत उभी करा."

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. बोलला तिचा नवरा, यारीच्या पायावर बसल्या-बसल्या. "बाई, सकाळी चोर म्हनले तवा निम्मं गाव हुतं. आता तुमी तिघी. आमी उद्या दुसऱ्या गावात इहीर मागाया गेलो तर तिथं काय पोचंल, सकाळचं का आताचं?"

"मग काय करू?"

"संध्याकाळचं दूध तुमीच मोजता न्हवं?"

टेम्पोवाल्याला मी यारी घालू नकोस म्हणून सांगितलं नाही. ते माझ्या हातात नव्हतं. काट्यामागे उभी राहिले. पहिली बाई आली, तिनं किटली ओतली, मी माप सांगितलं आणि म्हणाले, "आसरा मी नेली होती. न बघता ड्रममध्ये घातली. यारीवालीनं नाही." ती तोंडाकडे बघत राहिली. दुसरी आली, तिलाही तेच. तिसरीला वाटलं मी चेष्टा करतेय. एकीनं विचारलं, घरी आणखी कोणाला फिरायला ठेवलंय? एकीनं किटली ओतायच्या आधी परत हातात घेतली, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग ओतली. प्रत्येकीला तेच वाक्य, तेवढंच. दहाव्या-बाराव्या बाईला आवाज बसला तरी कोणी मला पुरे म्हटलं नाही.

यारीवाली केंद्राच्या दारात उभी राहून ऐकत होती. शेवटची किटली रिकामी होईपर्यंत हलली नाही. मग टेम्पोवाल्याला हातानं जा म्हणून खूण केली आणि विहिरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यारी चालू झाली. विहीर पुरी होईपर्यंत ती बाई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मीही बोलायचा प्रयत्न केला नाही.